रेबीजचं निदान आठवड्यांवरून तासांवर आणणारा २६ वर्षांचा डॉक्टर, ज्याचा स्वतःचा अंदाज मात्र चुकला होता

घरातलं दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू अचानक खायचं बंद झालं, उलट्या-जुलाब सुरू झाले की पहिली धाव जनावरांच्या डॉक्टरकडे. डॉक्टर एका काडीवर नमुना घेतात, तो द्रावणात घोळवतात आणि त्याचे दोन-चार थेंब प्लास्टिकच्या छोट्या पट्टीवर टाकतात. दहा-पंधरा मिनिटांत एकच रेघ उमटली तर निगेटिव्ह, दोन उमटल्या तर पार्व्हो. डिस्टेंपरचंही तसंच, फक्त नमुना डोळ्यातला किंवा नाकातला घ्यायचा. कोविडमध्ये अख्ख्या देशानं नाकात काड्या घालून घेतल्यामुळे रॅपिड टेस्ट ही काय भानगड असते, ते आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पण कुत्र्यांच्या ज्या व्हायरसला माणूस सगळ्यात जास्त घाबरतो, त्याचं काय?

रेबीज. रस्त्यावरचं कुत्रं चावलं की नातेवाईक, शेजारी, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे एकच सल्ला देतात. कुत्र्याला पकडा आणि त्याची टेस्ट करून घ्या. इथंच घोळ आहे. जिवंत कुत्र्याला रेबीज आहे की नाही हे खात्रीनं सांगणारी टेस्ट आजही नाही. नक्की उत्तर हवं असेल तर कुत्र्याचा मेंदू तपासावा लागतो, म्हणजे कुत्रं मेलेलं असावं लागतं.

सव्वाशे वर्षांपूर्वी तर याहून वाईट परिस्थिती होती. कुत्रं मेलेलं असायचं, मेंदू डॉक्टरच्या हातात असायचा, तरी उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागायचे. ते उत्तर काही तासांवर आणलं इटलीतल्या एका पोरसवदा डॉक्टरनं. त्याचं नाव अडेल्की नेग्री. एमबीबीएस किंवा व्हेटर्नरीच्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, नेग्री बॉडीज हा शब्द त्याला झोपेतही आठवतो, कारण परीक्षेत तो हमखास येतो. त्या नावामागचा माणूस मात्र फार कुणाला माहीत नसतो. जेमतेम ३५ वर्षं जगला तो.

नेग्रीचा जन्म १८७६ सालचा, मध्य इटलीतल्या पेरुजा शहरातला. डॉक्टरकी शिकायला तो उत्तरेला पाव्हियाला गेला. पाव्हिया हे मिलानच्या दक्षिणेला, तिचिनो नदीकाठी वसलेलं गाव. गाव म्हणायचं एवढ्यासाठी की आकारानं ते फार मोठं नाही. पण तिथलं विद्यापीठ १३६१ सालचं. विजेची बॅटरी बनवणारे व्होल्टा तिथेच प्राध्यापक होते.

नेग्री तिथे पोहोचला तेव्हा विद्यापीठात एका नावाचा दबदबा होता, कामिल्लो गॉल्गी. मेंदूतली एकेक पेशी तिच्या फांद्यांसकट दिसावी म्हणून चांदीच्या क्षाराचा वापर करून रंगवण्याची पद्धत त्यांनी १८७३ साली शोधून काढली होती. त्याआधी मायक्रोस्कोपखाली मेंदू म्हणजे नुसता गिचमिड गुंता दिसायचा. याच कामासाठी पुढे १९०६ साली त्यांना नोबेल मिळालं. गॉल्गी मलेरियावरही काम करायचे. मलेरियाचा ताप ठरावीक दिवसांनी का चढतो आणि रक्तातल्या परजीवीच्या वाढीशी त्याचा काय संबंध आहे, हे त्यांनी १८८५-८६ च्या सुमारास दाखवून दिलं होतं.

गुरूचे हे दोन विषय, मेंदू आणि मलेरिया, लक्षात ठेवा. नेग्रीचं यश आणि नेग्रीची चूक, दोन्ही इथूनच आल्यासारखं वाटतं.

१९०० साली नेग्री डॉक्टर झाला आणि गॉल्गींच्याच प्रयोगशाळेत असिस्टंट म्हणून लागला. तिथे रेबीज हा नवा विषय नव्हता. रेबीज झालेल्या जनावराच्या मेंदूत काय बिघडतं, यावर स्वतः गॉल्गींनी काम केलं होतं. नेग्रीच्या वाट्याला आलेला प्रश्न मात्र जास्त सरळ होता. हा आजार नेमका कशामुळे होतो?

१९०० मध्ये रेबीजबद्दल काय माहीत होतं आणि काय नव्हतं, ते आधी बघायला हवं.

लस होती. ६ जुलै १८८५ ला पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्याकडे जोसेफ माइस्टर नावाच्या ९ वर्षांच्या पोराला आणलं गेलं होतं. पिसाळलेल्या कुत्र्यानं त्याचे लचके तोडले होते. पाश्चर यांनी सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून बनवलेली लस त्याला टप्प्याटप्प्यानं दिली आणि तो वाचला. त्यानंतर जगभर पाश्चर इन्स्टिट्यूट निघू लागल्या. भारतातली पहिली १९०० साली हिमाचलातल्या कसौलीला सुरू झाली. त्याआधी इथल्या गोऱ्या सैनिकांना कुत्रं चावलं तर त्यांना बोटीनं थेट पॅरिसला पाठवलं जायचं. इथल्या सामान्य माणसाला ती सोय अर्थातच नव्हती.

म्हणजे लस सापडली होती, पण जंतू सापडला नव्हता. पाश्चर यांनाही तो मायक्रोस्कोपखाली कधी दिसला नाही. आणि जंतूच दिसत नसेल तर मेलेलं कुत्रं खरंच पिसाळलेलं होतं की नाही, हे ओळखायचं कसं?

त्यासाठी एकच भरवशाची पद्धत होती, सशांची. संशयित कुत्र्याचा मेंदू काढायचा, त्याचा थोडा भाग पाण्यात घोटायचा आणि सशाच्या कवटीला भोक पाडून मेंदूच्या आवरणाखाली टोचायचा. मग वाट बघायची. सशाचे मागचे पाय लुळे पडले आणि तो मेला, तर कुत्रं पिसाळलेलं होतं. याला साधारण दोन ते तीन आठवडे जायचे, कधी त्याहून जास्त.

आता चावलेल्या माणसाचा विचार करा. त्यानं तीन आठवडे थांबायचं का? रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस वाचत नाही, हे तेव्हाही माहीत होतं आणि आजही चित्र जवळपास तेच आहे. चावा चेहऱ्यावर असेल तर लक्षणं लवकर येतात, कारण तिथून मेंदू जवळ. त्यामुळे ससा मरायची वाट न बघता लस सुरू करावी लागायची. पण ती लसही साधी नव्हती. जनावराच्या मज्जातंतूंपासून बनवल्यामुळे काही थोड्या लोकांना त्या लशीमुळेच लकवा व्हायचा. म्हणजे ज्याला निरोगी कुत्रं चावलंय, त्यानंही हा धोका पत्करायचा, रोजची इंजेक्शनं घ्यायची, कामधंदा सोडून लांबच्या शहरात जाऊन राहायचं. कशासाठी, तर कुत्र्याचं खरंखोटं कळायला तीन आठवडे लागतात म्हणून.

लवकर निदान करायचे प्रयत्न आधीही झाले होते. रुमेनियाच्या बाबेश यांना रेबीजच्या मेंदूत पेशींचे छोटे पुंजके दिसले होते. बेल्जियमच्या फान गेखुख्तेन आणि नेलिस यांनी १९०० साली मज्जातंतूंच्या गाठींमधले बदल दाखवले होते. पण अशा खुणा दुसऱ्या कारणांनीही दिसू शकतात. फक्त रेबीजमध्येच सापडेल अशी पक्की खूण कुणाकडे नव्हती.

नेग्रीनं रेबीज टोचलेल्या सशांचे आणि कुत्र्यांचे मेंदू तपासायला घेतले. मेंदूचा तुकडा रसायनात घट्ट करायचा, मेणात बसवायचा, त्याच्या पातळ चकत्या कापायच्या, त्या रंगवायच्या आणि मग मायक्रोस्कोपला डोळा लावून एकेक पेशी बघत बसायचं. रंगवण्यासाठी तो मान यांची पद्धत वापरायचा. त्यात दोन रंग असतात, एक लाल आणि एक निळा. पेशीचा कुठला भाग कुठला रंग पकडतो, त्यावरून आत काय आहे ते कळतं.

मेंदूतल्या दोन जागी त्याला काहीतरी वेगळं दिसलं. एक जागा लहान मेंदूतल्या पुर्किन्ये पेशींची. त्या आकारानं मोठ्या असतात, त्यामुळे बघायला सोप्या. दुसरी हिप्पोकॅम्पस, जिथल्या एका भागाला तेव्हाचे डॉक्टर अमॉनचं शिंग म्हणायचे. तिथल्या पेशींच्या आत, केंद्रकाच्या बाहेर, लालसर गोळे होते. काही गोल, काही लांबट. काही अगदी बारीक, तर काही रक्तातल्या तांबड्या पेशीपेक्षाही मोठे. नीट पाहिलं तर गोळ्यांच्या आत आणखी बारीक ठिपके दिसत होते.

निरोगी जनावरांच्या मेंदूत हे गोळे नव्हते. पिसाळलेल्या जनावरांमध्ये होते. रेबीजनं मेलेल्या माणसाच्या मेंदूतही सापडले.

१९०३ साली नेग्रीनं पाव्हियाच्या वैद्यकीय सोसायटीपुढे हे सगळं मांडलं आणि त्यावरचा निबंध छापला. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. आजच्या हिशेबानं सांगायचं तर पीजीच्या एन्ट्रन्सला बसायचं वय.

आपल्याला रेबीजचा जंतूच सापडलाय, असं त्याचं मत झालं. त्याच्या मते हा प्रोटोझोआ, म्हणजे मलेरियाच्या परजीवीसारखा एकपेशी जीव होता. गोळा म्हणजे त्या जिवाचं शरीर आणि आतले ठिपके म्हणजे त्याची अंतर्गत रचना.

हे ऐकून आज हसू येऊ शकतं, पण त्या काळात जाऊन बघितलं तर हा अंदाज अजिबात वेडगळ नव्हता. मलेरियाचा परजीवी १८८० मध्ये सापडला होता. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादमध्ये तो डासाच्या पोटात शोधला होता. नेग्रीचे गुरू मलेरियातले तज्ज्ञ. पेशीच्या आत बसलेला, आकार बदलणारा, आत ठिपके असलेला गोळा दिसला की त्या प्रयोगशाळेतल्या माणसाला प्रोटोझोआच आठवणार. देवीच्या आजारातही ग्वार्निएरी नावाच्या दुसऱ्या इटालियन संशोधकाला १८९२ मध्ये पेशींच्या आत असेच कण दिसले होते आणि त्यांनीही ते परजीवीच ठरवले होते. सगळी हवाच त्या दिशेची होती.

पण काहीच महिन्यांत धक्का बसला.

कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, पॉल रेमलिंगर नावाचे फ्रेंच डॉक्टर तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत काम करत होते. त्यांनी आणि रिफत बे या त्यांच्या सहकाऱ्यानं रेबीजच्या मेंदूचा घोळ बर्केफेल्ड फिल्टरमधून गाळला. आपल्याकडच्या जुन्या स्टीलच्या वॉटर फिल्टरमध्ये पांढऱ्या कँडल असायच्या आठवतायत? साधारण तोच प्रकार, पण खूप बारीक छिद्रांचा. त्यातून बॅक्टेरियासुद्धा पार होत नाहीत. गाळून खाली आलेलं पाणी सशांना टोचलं, तर सशांना रेबीज झाला. म्हणजे आजाराचं कारण बॅक्टेरियापेक्षाही लहान होतं. नेग्रीचे गोळे तर त्या फिल्टरच्या मानानं अवाढव्य. ते त्यातून जाणं शक्यच नव्हतं.

प्रोटोझोआवाल्यांकडे यावर उत्तर होतं. त्यांचं म्हणणं पडलं की या जिवाच्या आयुष्यात एखादा अतिसूक्ष्म टप्पा असेल, तो फिल्टरमधून जातो आणि मोठा गोळा हा त्याचा नंतरचा टप्पा. दुसरीही एक अडचण होती. प्रयोगशाळेत एका सशातून दुसऱ्यात असं वर्षानुवर्षं फिरवलेलं रेबीजचं विष, ज्याला फिक्स्ड व्हायरस म्हणायचे, ते टोचलेल्या जनावरांमध्ये हे गोळे नीट दिसत नव्हते. रस्त्यावरच्या कुत्र्याकडून आलेल्या रेबीजमध्ये मात्र ठळक दिसायचे. जंतूच जर गोळा असेल, तर जंतू आहे आणि गोळा नाही असं कसं होईल?

नेग्री मागे हटला नाही. १९०९ मध्येही तो या परजीवीच्या जीवनचक्रावर निबंध छापत होता.

गंमत म्हणजे याच नेग्रीनं १९०६ च्या आसपास देवीच्या लशीतला जंतू फिल्टरमधून पार होतो, हे प्रयोगानं दाखवून दिलं. म्हणजे ग्वार्निएरींचे कण हा देवीचा जंतू असू शकत नाही, हे सांगणारा पुरावा त्यानं स्वतःच्या हातानं दिला. तोच तर्क रेबीजला लावायला मात्र त्याचं मन तयार झालं नाही. आपल्या शोधाच्या बाबतीत असं होतं बऱ्याच जणांचं.

पण या सगळ्या वादाचा चावलेल्या माणसाशी काहीच संबंध नव्हता. गोळा जंतू असो वा नसो, तो रेबीजमध्ये दिसतो आणि इतर आजारांत दिसत नाही, एवढंच डॉक्टरला पुरेसं होतं. नेग्रीच्याही हे लक्षात आलं होतं. शोधानंतर लगेचच त्यानं निदानासाठी याचा वापर कसा करायचा, त्यावर लिहायला सुरुवात केली. आता कुत्र्याचं डोकं प्रयोगशाळेत आलं की मेंदूचा नेमका भाग काढायचा, चकत्या करायच्या आणि रंगवून बघायचं. गोळे दिसले की विषय संपला. ससा टोचायची आणि तीन आठवडे थांबायची गरज नाही.

या कामात एक नाव हमखास गाळलं जातं, लीना लुत्झानी यांचं. त्या पाव्हियाच्याच प्रयोगशाळेत डॉक्टर होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत संशोधन करणारी बाई म्हणजे दुर्मिळच गोष्ट. नेग्रीच्या गोळ्यांवरून रेबीजचं निदान किती भरवशाचं आहे, हे संशयित जनावरांवर तपासण्याचं काम लीना यांनी केलं आणि १९०४-०५ मध्ये त्यावर स्वतःच्या नावानं निबंध छापले. कुणाला तरी मायक्रोस्कोपखाली काहीतरी दिसलं, एवढ्यावर टेस्ट तयार होत नाही. ती दुसऱ्या कुणीतरी पुन्हा पुन्हा पडताळून बघावी लागते. ते काम लीना यांचं. १९०६ मध्ये नेग्री आणि लीना यांनी लग्न केलं.

तिकडे अमेरिकेत आणखी एक बाई याच गोळ्यांच्या मागे होती. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेतल्या डॉ. अ‍ॅना विल्यम्स. त्यांनाही रेबीजच्या मेंदूत हे गोळे दिसले होते, पण नेग्रीचा निबंध आधी छापून आला आणि नाव त्याचं लागलं. विल्यम्स यांनी नाराज होऊन विषय सोडला नाही. नेग्रीच्या पद्धतीत मेंदूचा तुकडा घट्ट करून, मेणात बसवून कापायला बराच वेळ जायचा. विल्यम्स यांनी सरळ मेंदूचा बारीक कण काचेवर चिरडला, पसरला, रंगवला आणि बघितला. उत्तर अर्ध्या तासात. तीन आठवड्यांचं काम नेग्रीनं एखाद्या दिवसावर आणलं होतं, ते विल्यम्स यांनी मिनिटांवर आणलं. १९२७ मध्ये सेलर्स यांनी रंगवायची पद्धत आणखी सोपी केली आणि मग पुढची कित्येक दशकं जगभरात कुत्र्याच्या रेबीजचं निदान असंच होत राहिलं.

या टेस्टमुळे एक विचित्र सूचना डॉक्टरांना द्यावी लागायची. चावलेल्या कुत्र्याला लगेच मारू नका. लोकांचा पहिला आवेग तोच असतो, काठ्या-दगड घेऊन धावायचं. पण हे गोळे आजार वाढत जातो तसे वाढतात. कुत्र्याला पहिल्याच दिवशी मारलं तर रेबीज असूनही गोळे दिसत नाहीत आणि निगेटिव्ह उत्तर येऊ शकतं. त्यात डोक्यातच गोळी घातली किंवा काठी हाणली, तर तपासायला मेंदूच धड उरत नाही. त्यामुळे कुत्र्याला बांधून ठेवा आणि लक्ष ठेवा, असं सांगितलं जायचं.

निगेटिव्ह उत्तर हाच या टेस्टचा कच्चा दुवा होता. गोळे दिसले म्हणजे रेबीज आहेच. गोळे नाही दिसले म्हणजे रेबीज नाहीच, असं मात्र म्हणता येत नाही. त्यामुळे निगेटिव्ह आल्यावर खात्रीसाठी पुन्हा जनावरांना टोचून बघावंच लागायचं. पुढे जास्त नेमक्या टेस्ट आल्या, तेव्हा कळलं की या पद्धतीतून रेबीजच्या बऱ्याच केसेस निसटत होत्या.

परत नेग्रीकडे येऊ. रेबीजनं त्याला जगभर नाव दिलं, पण त्याचं सगळं आयुष्य त्यात गेलं नाही. १९०९ मध्ये तो पाव्हियात बॅक्टेरियॉलॉजीचा प्राध्यापक झाला. हा विषय तिथे अधिकृतपणे शिकवणारा तो पहिला माणूस. शेवटची काही वर्षं त्यानं मलेरियाला दिली. पाव्हियाच्या आजूबाजूचा लोम्बार्डीचा सखल भाग म्हणजे इटलीतला भातपट्टा. भात म्हटलं की साचलेलं पाणी आलं, पाणी आलं की डास आले. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. या भागातून मलेरिया हटवण्याच्या कामात नेग्री पुढे होता.

पण त्याची स्वतःची तब्येत साथ देत नव्हती. त्याला क्षय झाला होता. क्षयाचा जंतू १८८२ पासून डॉक्टरांना माहीत होता, दिसत होता, पण औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४३ उजाडलं. जंतू माहीत नसताना रेबीजची लस होती आणि जंतू माहीत असूनही क्षयावर काही नव्हतं. १९ फेब्रुवारी १९१२ रोजी नेग्री गेला. वय ३५. लग्नाला सहा वर्षं झाली होती. मिळालेल्या पदावर त्याला जेमतेम अडीच-तीन वर्षं काम करता आलं.

त्याच सुमारास इकडे कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये रेबीजची नवी लस बनवली. जनावराच्या मेंदूपासून. आधीच्या पिढीतली माणसं आजही ज्याचं नाव काढलं की पोटावर हात ठेवतात, ती पोटातली १४ इंजेक्शनं या लशीची. मुंबईत परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्येही मज्जातंतूंपासूनची रेबीज लस बनायची. लकव्याचा धोका तिच्यातही होता. भारतात ती २००५ च्या सुमारास कायमची बंद झाली. कुत्र्याचं निदान लवकर होणं किती महत्त्वाचं होतं, ते या इंजेक्शनांवरून कळतं. कुत्रं निरोगी निघालं, तर एखाद्या पोराची ही सगळी इंजेक्शनं टळू शकत होती.

नेग्रीच्या गोळ्यांची सद्दी संपवली ती १९५८ मध्ये आलेल्या फ्लुरोसंट अँटीबॉडी टेस्टनं. गोल्डवॉसर आणि किसलिंग या दोघांनी रेबीजच्या व्हायरसला चिकटणाऱ्या अँटीबॉडीला चमकणारा रंग जोडला. मेंदूत व्हायरस असेल तर मायक्रोस्कोपखाली हिरवे ठिपके चमकतात. काही तासांत उत्तर आणि चुकायची शक्यता फार कमी. आजही रेबीजच्या निदानात हीच टेस्ट प्रमाण मानली जाते. तिची अडचण एवढीच की खास महागडा मायक्रोस्कोप लागतो. त्यावर उपाय म्हणून साध्या मायक्रोस्कोपवर साधारण तासाभरात होणारी आणखी एक टेस्ट या शतकाच्या सुरुवातीला आली. पार्व्होसारखी दोन रेघांची पट्टीही रेबीजसाठी निघाली आहे, पण तिलाही मेंदूचाच नमुना लागतो. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्यांचे निकाल इतके कमी-जास्त आले की जागतिक पातळीवरच्या आरोग्य संस्था नेहमीच्या निदानासाठी त्यांच्यावर विसंबू नका असंच सांगतात. नेग्रीच्या गोळ्यांवरून निदान करायची पद्धतही आता मुख्य टेस्ट म्हणून सुचवली जात नाही.

त्यामुळे कुत्रं चावल्यावर टेस्टची वाट बघत बसायचं नसतं. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, त्यावर हळद, तिखट, चुना असलं काही लावायचं नाही आणि तडक दवाखाना गाठून लस सुरू करायची. जखम खोल असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. कुत्रं ओळखीचं असेल तर १० दिवस त्याच्यावर लक्ष ठेवतात. १० दिवसांनंतरही ते ठणठणीत असेल, तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत व्हायरस नव्हता असं समजतात. पण लस त्यासाठी थांबवायची नाही. जगात आजही रेबीजनं वर्षाला अंदाजे ५९,००० माणसं मरतात आणि माणसाला होणारा रेबीज ९९ टक्के कुत्र्यांकडूनच येतो.

आता राहिला तो जुना प्रश्न. नेग्रीला दिसलेले ते गोळे नक्की होते तरी काय?

रेबीजचा व्हायरस बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो, लांबी मिलिमीटरच्या साधारण साडेपाच हजाराव्या भागाइतकी. नेग्रीच्या मायक्रोस्कोपमध्ये तो दिसणं शक्यच नव्हतं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावर १९६० च्या दशकात या गोळ्यांपाशी व्हायरसचे कण दिसले. २००९ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की व्हायरस आपल्या जनुकीय माहितीच्या कॉप्या याच गोळ्यांमध्ये काढतो. पेशीत शिरल्यावर तो स्वतःसाठी हा कारखाना उभा करतो. २०१७ मध्ये तर हे गोळे पाण्यातल्या तेलाच्या थेंबासारखे असतात, एकमेकांना चिकटून मोठे होतात, हेही समोर आलं.

म्हणजे तो परजीवी नव्हता, पण नेग्रीनं बोट ठेवलं होतं ती जागा बरोबर होती. रेबीज वाढतो तो तिथेच.

पाव्हियाच्या स्मशानभूमीत गॉल्गींची साधी ग्रॅनाइटची कबर आहे. नेग्रीला तिच्याजवळच पुरलंय. शिष्यानंतर गुरू आणखी १४ वर्षं जगले.